बरगडीवरचा हात

आमच्या धंद्यात ज्याची नक्कल करायची त्याला 'मालक' म्हणतात. आपल्या जिवावर किती माणसं जगताहेत याचा मालकाला पत्ता नसतो, आणि त्या माणसांपैकी एकालाही त्याने कधी दारात उभं केलेलं नसतं. तरी मालक तो मालकच. माझे भावजी एका फार मोठ्या गायकाचे डुप्लिकेट. तसाच चष्मा, मान झटकायची तीच तऱ्हा, एका खांद्यावरून मुद्दाम घसरू दिलेला तसाच चमचमता कोट. आणि गळा असा, की डोळे मिटून ऐकणाऱ्याला ते पुन्हा उघडायची गरज वाटू नये. लग्नाच्या मेजवान्या, कारखान्यांची स्नेहसंमेलनं, दुकानांची उद्घाटनं, जिथे मालक येणं शक्य नाही तिथे भावजी जातात. मी ताईचा धाकटा भाऊ. कार्यक्रमात आवाजाची यंत्रणा माझ्याकडे. सगळे भावजींकडे बघतात, मी सगळ्यांकडे बघतो. मनापासून कोण नाचतंय, व्याह्यांना दाखवायला कोण नाचतंय, जेवण लवकर सुरू व्हावं म्हणून टाळ्या कोण आवरत्या घेतंय, याचा जमाखर्च माझ्या डोक्यात आपोआप मांडला जातो. खोड आहे. जित्याची ती मेल्याशिवाय जायची नाही.

मालक गेल्याची बातमी सकाळी आली. ताईचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या खोलीत आम्ही तालीम करतो. मी तिथे वायरी गुंडाळत होतो. भावजी आरशासमोर कल्ले कोरत होते. मालकांनी हल्ली कल्ले वाढवले होते, तेव्हा यांना वाढवणं भाग होतं. तेवढ्यात आमचा ड्रमवाला जिना चढून वर आला. त्याला आम्ही ठोक्या म्हणतो, कारण तो जेवतानाही ताटावर ताल धरतो. त्या दिवशी मात्र त्याचे हात नुसते लोंबत होते.

"मालक गेले," तो म्हणाला.

"कुठे?" भावजींनी विचारलं. वस्तरा गालावरच.

"कुठे काय? गेले. झोपेत. टीव्हीवर तेच चाललंय."

भावजींनी वस्तरा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि पुन्हा आरशात बघितलं. आरशातला माणूस तर चांगला धडधाकट होता. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "माझ्यापेक्षा थोडेसेच मोठे होते," आणि खुर्चीवर असे जपून बसले, जणू खुर्ची कुणा दुसऱ्याची आहे.

दुपारपासून फोन सुरू झाले. मालकांच्या घरचा नंबर कुणाकडे असणार? मग लोकांनी आपला दुखवटा आमच्याकडे पोचवला. "कळलं हो, फार वाईट झालं," "आता स्वतःला सांभाळा," इथपासून ते "आदल्या दिवशी काही बोलले होते का?" इथपर्यंत. हा शेवटचा प्रश्न एका बाईंनी थेट भावजींनाच विचारला. भावजींच्या लांबच्या आत्यांनी ताईला फोन केला होता, तो चुकून यांनी उचलला आणि सवयीने त्याच भरदार आवाजात "हॅलो" म्हणाले. पलीकडे किंकाळी ऐकू आली आणि फोन बंद पडला. ठोक्या हसून लोळला. ताई हसली नाही.

"मालक गेले की नोकरांना रजा," ठोक्या म्हणाला.

"जिभेला काही हाड?" ताईने त्याला असं झापलं की तो चहा न पिताच खाली उतरला.

मालकांना मी कधी भेटलो नाही. लांबूनसुद्धा पाहिलं नाही. पण कुठल्या गाण्यात कुठे ते श्वास घेत, हे मला पाठ होतं, कारण भावजी तिथेच श्वास घेत आणि मला तेवढ्यापुरता माइकचा आवाज खाली ओढावा लागे. सख्ख्या बापाचा श्वास मी इतक्या लक्षपूर्वक कधी ऐकला नाही. टीव्हीवर मोठमोठी माणसं 'त्यांचा आवाज अमर आहे' म्हणत होती. मी मनात म्हणत होतो, आवाज असेलही, पण तो मधला श्वास गेला ना? आणि या विचाराने मला का कोण जाणे, दुःखाऐवजी भीती वाटली. गल्लीतून चालताना मागे कुणीतरी थांबल्यासारखं वाटावं तशी.

भीतीला तोंड फुटलं ते पुढच्या आठवड्यात. मालकांच्या जुन्या गिटारवाल्याची मुलाखत लागली होती. तालमीच्या खोलीत आम्ही चौघंही बघत होतो. गिटारवाला म्हातारा, सरळ माणूस दिसला. रडण्याचा नफा उठवणाऱ्यांतला नव्हता. तो म्हणाला, "शेवटचं सबंध वर्ष ते आजारी होते. कुणाला सांगू देत नव्हते. ते संथ गाणं आहे ना, त्यात तिसऱ्या कडव्याआधी उजवा हात डाव्या बरगडीखाली दाबून, डोळे मिटून थांबायचे. लोकांना वाटायचं, काय नवी अदा आहे! शिट्ट्या वाजायच्या. अहो, त्यांना कळ यायची. श्वास मिळत नसे. ती ओसरेपर्यंत आम्ही मागे तेच तेच सूर घोळवत राहायचो."

खालच्या दुकानातल्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

आता हे समजून घ्यायला हवं. ती अदा भावजी घोटून घोटून शिकले होते. मालकांच्या कार्यक्रमांची चित्रणं थांबवून थांबवून, हात कुठल्या क्षणी उठतो, बोटं कशी रुततात, कमरेत किती वाकतात, कपाळावरची शीर कधी दिसते, सगळं. महिनाभर आरसा अडवून बसले होते. आणि ते एकटे नाहीत; गावोगावचे सगळे डुप्लिकेट तेच करत होते. लोक पुन्हा पुन्हा तेवढंच मागत. एक माणूस आत मरत होता आणि आम्ही सगळे त्याचं मरण गिरवून टाळ्या घेत होतो.

"आता ते करायचं नाही," ताई म्हणाली.

"बघू," भावजी म्हणाले.

"बघू नाही. करायचं नाही."

"अगं, लोक तेच बघायला येतात."

"लोक खड्ड्यात पडलेला माणूसही बघायला येतात. म्हणून काय रोज पडायचं?"

भावजी उठून बाहेर गेले. ते जिना उतरेपर्यंत ताई कान देऊन ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "तुला एक विचारू? खरं सांग. तू साउंडवरून बघतोस ना सगळं?"

"बघतो."

"हे घरीपण तसं करतात."

"तालीम असेल."

"जिन्यात कसली तालीम? परवा वर चढताना अर्ध्यात थांबले, हात असा दाबून. मी खाली दुकानात होते, त्यांना ठाऊक नव्हतं. पाठमोरे होते. जिन्यात कोण प्रेक्षक असतो रे?"

मी हातातली वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. ती गुंडाळलेलीच होती.

त्यानंतर मी भावजींवर पाळत ठेवली. माणसं पारखायचा मला गर्व. पण हा माणूस माझ्या पारखीत बसेना. रस्ता ओलांडून धापा टाकत आले, की हात तिथे. ठोक्याने विनोद केला, हसता हसता हात तिथे. टीव्ही बघताना, काही कारण नसताना, हात तिथे. दुखत असतं तर कधी दुखलं असतं आणि कधी नसतं. इथे दुखण्याचा आणि न दुखण्याचा ताळा जुळत नव्हता. वर्षभर अंगात मुरवलेली लकब ती. मालक गेले, पण त्यांचा हात आमच्या घरात राहायला आला होता, आणि तो हात खरा की खोटा हे ओळखायला आमच्याकडे काही साधन नव्हतं.

विचारलं की भावजी हसत. "मेहुणेबुवा, इतकी काळजी करू नका, तब्येत बिघडेल तुमची."

एकदा मीही चिडून म्हणालो, "भावजी, हसण्यावारी नेऊ नका. ताई झोपत नाही."

"ती लग्नाआधीही झोपत नव्हती. विचार तिला."

शेवटी ताईने त्यांना खोटं सांगून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझी तब्येत दाखवायची आहे, सोबत चला, असं. मी तिथे पोट धरून बसलो होतो. आत गेल्यावर ताईने मला बाजूला ढकललं आणि त्यांना खुर्चीत बसवलं. भावजींनी माझ्याकडे जे बघितलं, ते मी अजून फेडतोय.

"कुठे दुखतं?" बाईंनी विचारलं.

"कुठे नाही."

"मग बायकोने कशाला आणलंय?"

"तिला इस्त्रीची सवय आहे. कुठे सुरकुती दिसली की बसवत नाही."

बाई हसल्या नाहीत. "तो हात कसा ठेवता, ते दाखवा बघू."

भावजी उभे राहिले. क्षणभर थांबले, आणि हात गेला. बरगडीखाली बोटं रुतली, कमरेत बाक आला, कपाळावर शीर उभी राहिली. दारात उभी असलेली नर्स "अगं बाई, अगदी तेच!" म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

बाईंनी त्यांना खाली बसवलं. हळू आवाजात विचारलं, "यातलं त्यांचं किती आणि तुमचं किती?"

भावजी चष्मा काढून पुसत बसले. खूप वेळ पुसला. मग म्हणाले, "खरं सांगू डॉक्टर? आता मलाच कळत नाही."

त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं, आणि त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटली.

ईसीजी ठीक निघाला. पण बाई म्हणाल्या, बसल्या जागी ठीक असणं म्हणजे काही नव्हे. सरकत्या पट्ट्यावर चालवून, छातीला तारा लावून बघायला हवं. तोवर दगदग बंद, आणि स्टेज तर नकोच.

"कार्यक्रमानंतरचा दिवस द्या," भावजी म्हणाले.

"हृदय तुमच्या तारखा बघून चालत नाही."

"मीही त्याच्या बघून चालत नाही," म्हणून ते उठलेच.

कार्यक्रम म्हणजे मालकांची श्रद्धांजली. गावातलं सगळ्यात मोठं सभागृह. आजवर आमच्या पोस्टरवर 'हुबेहूब', 'साक्षात', 'जणू तेच' असले शब्द डोक्याएवढे आणि भावजींचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं असे, तेही जागा उरली तर. या वेळी वर मालकांचा फोटो आणि खाली भावजींचं नाव, ठळक. 'गायक' म्हणून. भावजी वाकडी वाट करून पोस्टर लावलेल्या भिंतीपुढून जात. मला त्यांची चेष्टा करावीशी वाटली होती, पण एकदा त्यांना त्या पोस्टरचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून चिकटवताना पाहिलं आणि माझी चेष्टा जिथल्या तिथे राहिली.

ताईने सगळं करून बघितलं. रडली, भांडली, अबोला धरला. कोट लपवला, तर म्हणाले, बनियनवर गाईन. शेवटी तिने हत्यार टाकलं नाही, बदललं.

"जा," ती म्हणाली. "पण एका अटीवर. स्टेजवर तो हात करायचा नाही. एकदाही नाही."

"बरं."

"पुरतं ऐका. तुम्ही नक्कल म्हणून करणारच नाही. म्हणजे हात गेला तर तो खरा. हात बरगडीला लागला रे लागला की हा माझा भाऊ आवाज बंद करेल आणि मी पडदा ओढेन. मग तुमचं गाणं कुठेही असो."

"आणि सवयीने गेला तर?"

"तर कार्यक्रम सवयीने बंद पडेल."

भावजींनी उजवा हात तिच्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "दिला शब्द."

ताईच्या डोक्याची मला कमाल वाटली. इतके दिवस जो हात काहीच सांगत नव्हता, तो आता एका फटक्यात साक्षीदार झाला होता. खोटं काढून टाकलं की उरतं ते खरं, इतकं सोपं. मीही मान डोलावली. माणसांचे हिशेब मांडणारा मी, पण या हिशेबातलं भोक मला दिसलं नाही.

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. माझा आवाजाचा मिक्सर प्रेक्षकांच्या मागे, शेवटच्या रांगेपाठी; ताई विंगेत, पडद्याच्या दोरीपाशी. विंगेतल्या अंधारात दोरीवरची तिची बोटं मला दिसत नव्हती, पण आवळलेली असणार हे मला ठाऊक होतं. पडदा उघडला. भावजी त्याच कोटात, त्याच चष्म्यात उभे. लोक आधी एकदम गप्प झाले. मेलेला माणूस समोर उभा राहिल्यावर दुसरं काय होणार? मग कुणीतरी हुंदका दिला आणि टाळ्यांचा पाऊस कोसळला.

उडत्या चालीची गाणी झाली. भावजी नाचले, बेताने नाचले. माझे डोळे फक्त त्यांच्या उजव्या हातावर. हात माइकवर. हात वर. हात केसांतून. एकदा तो कोटाच्या बटणाकडे निघाला आणि माझं बोट मिक्सरच्या मुख्य कळीवर गेलं, पण त्यांनी नुसतं बटण चाचपलं. माझ्या बगला भिजल्या होत्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ बायकोच्या खांद्यावर मान टाकून रडत होता; एरवी मी त्याचं दुःख तोलूनमापून घेतलं असतं, त्या दिवशी कसलं माप आणि कसलं काय.

मग दिवे निळे झाले. संथ गाणं आलं.

पहिलं कडवं, दुसरं कडवं. ठोक्याने ताल इतका हलका केला की पंख्याचा आवाज ऐकू यावा. तिसऱ्याआधीची ती जागा जवळ आली. आणि तेव्हा मी असं काही पाहिलं, की अजून झोपेत दचकतो. रांगेमागून रांगेतल्या लोकांनी आपला उजवा हात उचलला आणि डाव्या बरगडीखाली ठेवला. कुणी ठरवलं होतं की एकाचं बघून दुसऱ्याने केलं, देव जाणे. श्रद्धांजली म्हणूनच करत होते बिचारे. पण मागून बघताना, जणू अख्ख्या सभागृहाला एकदम कळ आली होती. सगळे जरासे वाकलेले, गप्प.

हात बरगडीवर नव्हता तो एकट्या भावजींचा. त्यांनी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरला होता.

माझ्या मनात आलं, सुटलो. शब्द पाळला. हात गेला नाही, म्हणजे दुखत नाही.

ठोक्या आणि बाकीचे तेच सूर घोळवत होते. भावजींनी तिसरं कडवं उचलायला हवं होतं. उचललं नाही. पुन्हा तेच सूर. ठोक्याने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. दांड्यावरची बोटं पांढरी पडली होती, निळ्या दिव्यातही पांढरी दिसत होती. आणि मग ते भोक मला दिसलं. ज्याला काहीही करून गाणं पुरं करायचंय, तो हात तिथे नेईल कशाला? हात गेला की पडदा पडणार, हे त्याला आम्हीच सांगून ठेवलेलं. खोटं काढून टाकायच्या नादात आम्ही त्याची दुखणं ठेवायची एकुलती एक जागाही काढून घेतली होती.

भावजींनी तोंड उघडलं. कडव्याची पहिली ओळ आली.

आवाज मालकांचा नव्हता. बारीक, थोडा नाकात, कडेला फाटलेला. घरी 'जरा पाणी दे गं' म्हणतात, तो. इतक्या वर्षांत त्यांचा स्वतःचा आवाज मी माइकवर कधी ऐकला नव्हता. लोकांना वाटलं, गहिवर दाटलाय. पुढच्या रांगेतून 'वा!' आलं. मला कळलं, या माणसाच्या अंगात आता नक्कल करण्याएवढंही बळ उरलेलं नाही.

मी मुख्य कळ खाली ओढली.

सगळे स्पीकर एकदम मुके झाले. स्टेजवर भावजींचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. लोक वळून माझ्याकडे बघू लागले, "अरे काय झालं?", "साउंड!", "आज तरी नीट करा रे!" विंगेतून जराशी पुढे येऊन ताई मला शोधत होती. हात तर गेला नव्हता. अट मोडली नव्हती. ती गोंधळली होती, आणि तिचा गोंधळ संपेपर्यंत किती वेळ जाणार होता कोण जाणे. मी खुर्चीवर चढलो आणि दोन्ही हातांनी पडदा ओढल्याची खूण केली, एखाद्या वेड्यासारखी, पुन्हा पुन्हा. तिने ओढला.

मी रांगांमधून कसा पळालो ते आठवत नाही. कुणीतरी माझी कॉलर धरली होती, एवढं खरं.

पडद्यामागे भावजी एका स्पीकरच्या खोक्यावर बसले होते. ताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर. मला बघताच ते भडकले.

"हात गेला नव्हता!" त्याच बारीक आवाजात. "विचार हिला. शब्द पाळला मी. का बंद केलंस?"

"पाळलात म्हणूनच," मी म्हणालो. मला धाप लागली होती.

ताईने कोटाची बटणं काढली. आतलं अस्तर चिंब होतं, पिळता आलं असतं. सभागृहाचा व्यवस्थापक पडदा सारून आत घुसला, "हा काय तमाशा आहे? बाहेर लोक—" ठोक्याने त्याला दोन्ही दंडांना धरून आल्या वाटेने बाहेर नेलं. "मध्यंतर आहे साहेब. मध्यंतर. चहा घ्या तुम्ही."

भावजींचा उजवा हात मांडीवर होता. तो थोडासा वर उठला, अर्ध्यात थांबला. त्यांनी ताईकडे बघितलं.

"ठेवू का गं?" ते म्हणाले.

ताईने त्यांचा हात स्वतःच उचलला, बरगडीखाली ठेवला आणि वरून आपला दाबला. त्यात ना अदा होती ना वाकणं. बोटं कशीही वेडीवाकडी पडली होती. मालकांचा हात असा कधीच नव्हता.

"दवाखान्यात चल," भावजी मला म्हणाले. "गाडी दारातच आण. जिना नको."

रस्ताभर ताई त्यांच्याशी बोलत राहिली, काय वाटेल ते. दुकानातल्या यंत्राचा पट्टा बदलायचाय, मावशींची बेडशीट अजून न्यायची राहिलीय. मध्येच थांबून विचारायची, "ऐकताय ना?" ते 'हं' म्हणायचे. प्रत्येक 'हं' मागच्यापेक्षा लहान होता. मी गाडी चालवत होतो आणि मागून पुढचा 'हं' येईपर्यंत मला रस्ता दिसत नव्हता.

वाचले. रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती, ती उघडली. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन बघून गेल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "वेळेत आणलंत," एवढंच म्हणाल्या. कळ येऊनही मी आवाज बंद करेपर्यंत ते गाणं किती लांबलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

भावजी घरी आले त्याला आता बरेच दिवस झाले. स्टेज बंद आहे, पथ्य चालू आहे, चिडचिड दोन्ही वेळा जेवणानंतर. परवा टीव्हीवर कुठल्याशा गावचा दुसरा डुप्लिकेट श्रद्धांजली वाहत होता. तीच जागा आली आणि त्याचा हात बरगडीखाली गेला. अप्रतिम गेला. लोक वेडे झाले. भावजी पुढे वाकून त्याच्या बोटांकडे बघत राहिले, मग त्यांनी टीव्ही बंद केला.

"कसा वाटला?" मी विचारलं.

"चांगला करतो," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "त्याच्या घरी कोण आहे, काही कळलं का?"

मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.

भीतीचं म्हणाल, तर ती कुठे गेली नाही. घरात शांतता झाली की ताईचं काम थांबतं आणि माझंही. भावजींना ते कळतं, आणि कधीकधी ते मुद्दाम गप्प राहून आमची गंमत बघतात असा मला संशय आहे. आज सकाळी ते आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज थांबला. बराच वेळ काहीच नाही. ताई ओल्या हातांनी दाराशी जाऊन उभी राहिली, मी तिच्या मागे.

"अहो," तिने हाक मारली.

उत्तर नाही.

"अहो! काहीतरी बोला."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि मग तो बारीक, नाकातला, कडेला फाटलेला आवाज.

"साबण डोळ्यात गेलाय, बोलू काय? टॉवेल कुठे ठेवलास? आणि तो शहाणा तिथे उभा असेल तर त्याला म्हणावं, निदान इथलं तरी साउंड बंद कर!"

ताईने टॉवेल दाराच्या फटीतून आत दिला. मग तिथेच, ओल्या फरशीवर, पाठ दाराला टेकून बसून राहिली.